आमच्या जागी बिरूमामा

मार्च लागला की कऱ्हाडच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची शेवटची घाई चालू असते आणि आमच्या शाळेत बाकांवर खडूनं बैठक क्रमांक टाकायचं काम निघतं. दहावीची परीक्षा. वर्गात पंख्याखाली पंचवीस मुलं, शर्टांना नव्या इस्त्रीचा वास, कुणाच्या कपाळाला अंगारा, कुणाच्या खिशात आईनं घातलेली खडीसाखर. प्रश्नपत्रिकांचं पाकीट मुलांसमोरच फोडायचं असतं. सील नीट आहे म्हणून दोन मुलांच्या सह्या घ्यायच्या आणि मग कडा कापायची. इतकी वर्षं झाली नोकरीला, पण ती कडा कापताना माझा हात अजून जड होतो. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणतात, "मंजूताई, परीक्षा पोरांची आणि घाम तुम्हाला." मी हसून वेळ मारून नेते.

यंदाही पाकीट हातात घेतलं आणि तीन वर्षांपूर्वीचा मार्च आठवला. तो मी शाळेत काढला नव्हता, कऱ्हाडजवळच्या मलकापुरातल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत काढला होता.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीला पप्पा, म्हणजे माझे वडील, न्हाणीत पाय घसरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण वय अठ्ठ्याहत्तर, हाडं ठिसूळ. डॉक्टरांनी दीड-दोन महिने अंथरूण सांगितलं. आई जाऊन बरीच वर्षं झालेली. नवरा पुण्याला नोकरीत, शनिवारी येणार आणि रविवारी जाणार. मी रजा टाकली.

मागच्या खोलीला एकच खिडकी. खिडकीबाहेर शेजाऱ्यांची भिंत, भिंतीच्या वर हातभर आभाळ. पत्रा दहा वाजताच तापायचा. डेटॉल, पावडर, उकडलेल्या भाताची पेज आणि म्हाताऱ्या अंगाचा घाम यांचा मिळून एक वास तयार झाला होता, तो माझ्या साड्यांत, केसांत जाऊन बसला. दर दोन तासांनी पप्पांची कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. त्यांना उचलताना त्यांचे हात माझ्या गळ्यात पडायचे आणि आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता तेवढं काम उरकायचो. भाजीला बाहेर पडले तरी वीस मिनिटांत परत यावं लागायचं. रस्त्यावरून कॉलेजच्या मुली हसत जायच्या, तो आवाज भिंतीवरून आत यायचा आणि मला उगीच राग यायचा. कुणाचा, ते कळायचं नाही. पप्पांचा म्हणावं तर ते बिचारे हूं की चूं करत नव्हते. दिवसभर छताकडे बघत पडून असायचे. मला वाटायचं, अडकलेत ते पलंगाला आणि मी त्यांना.

आम्ही ख्रिस्ती. आजोबांच्या आधीपासून. पप्पांनी सगळी नोकरी शिराळ्याजवळच्या एका गावात हायस्कूलचा शिपाई म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर ते माझ्याकडे आले. इथल्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, त्यांच्याइतका राबणारा माणूस नव्हता. रविवारी सगळ्यांच्या आधी जाऊन चर्च झाडायचे, घंटा वाजवायचे, गीतांच्या पुस्तकांच्या फाटक्या पाठी खळ लावून चिकटवायचे. कुणाच्या घरी मयत झाली तर कबर खणायला पहिली कुदळ त्यांची. फक्त एक गोष्ट ते करत नसत. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, ख्रिस्ताच्या शेवटच्या जेवणाची आठवण. भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा इवलासा पेला हातोहात पुढे येतो. त्या वेळी पप्पा उठून बाहेर जायचे आणि चपला ओळीनं लावत बसायचे. लोक म्हणायचे, केवढा नम्र माणूस. मीही तेच म्हणायचे. आणि गुड फ्रायडेच्या उपासनेत, 'आपल्या जागी त्या निरपराध्यानं शिक्षा भोगली' हे वाक्य आलं की त्यांना हटकून खोकला यायचा आणि ते बाहेर जायचे.

लहानपणी मला 'तारण' या शब्दाचं कोडं होतं. रविवारच्या शाळेत आम्ही घोकायचो, तारण म्हणजे पापापासून सुटका, ती देवाच्या कृपेनं मिळते, कमावता येत नाही. आणि गावात सोसायटीच्या कट्ट्यावर माणसं बोलायची, अमक्यानं जमीन तारण ठेवली. मैत्रिणी विचारायच्या, "तुमचं तारण म्हंजे आमचा मोक्षच की गं?" मी मान हलवायचे. पण मनात वाटायचं, एकच शब्द सुटण्यालाही आणि अडकवून ठेवण्यालाही कसा? कुणीतरी आपल्यासाठी अडकून पडल्याशिवाय आपण सुटत नाही, असं काही आहे का यात? हे मोठ्या माणसाला विचारायचं धैर्य झालं नाही. पुढे तर तो प्रश्न मी मुद्दामच मनात आणला नाही.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या चर्चचे पाळकसाहेब घरी आले. तरुण आहेत, माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. ईस्टरआधीच्या उपवासकाळात आजाऱ्यांच्या घरी जाऊन ते प्रभुभोजन देतात. त्यांनी छोट्या पेटीतून पेला काढला, पांढरा रुमाल अंथरला, प्रार्थना केली आणि भाकरीचा तुकडा पप्पांपुढे धरला.

पप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"काका, त्रास होतोय का? नंतर घ्यायचं का?"

"नंतर न्हाई. नकोच."

पाळकसाहेब खुर्ची ओढून जवळ बसले. "काका, तुम्ही मंडळीसाठी एवढं करता. कशाचा संकोच आहे? आणि हे आपल्या लायकीवर नसतंच. आपण लायक नाही म्हणून तर तो आपल्या जागी उभा राहिला. आपली शिक्षा त्यानं घेतली. एवढं मान्य करणं, हाच विश्वास."

पप्पांनी चादर गळ्यापर्यंत ओढली. मग भिंतीकडेच बघत म्हणाले, "साहेब, दुसऱ्यानं आपल्या जागी शिक्षा भोगनं म्हंजे काय, ते मला नका शिकवू. मला ठावं हाय ते कसं असतं. दिसाय लागतं त्ये मानूस. रोज दिसतं."

पाळकसाहेबांना ही भक्ती वाटली. त्यांनी पप्पांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला आणि ते गेले. मी दाराची कडी लावून तशीच उभी राहिले. कारण पप्पांना कोण दिसत होतं, ते मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची कूस बदलून झाल्यावर मीच विचारलं, "पप्पा, बिरूमामाबद्दल बोलत होता का?"

त्यांनी डोळे मिटले. "तुला कसं ठावं?"

"मला माहीत आहे."

मी दहावीला होते तेव्हा आम्ही शाळेच्या आवारातल्या दोन खोल्यांत राहायचो. पप्पा कायम शिपाई. दुसरा शिपाई बिरूमामा. तो आटपाडीकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. दुष्काळात मेंढरं गेली म्हणून बायकापोरांना घेऊन इकडे आला आणि शाळेत रोजंदारीवर लागला. उंच, काळा, डोक्याला लाल पटका. शाळेतली सगळी पोरं त्याला मामा म्हणायची. त्याची सखू सातवीत होती. संध्याकाळी लिंबाखाली पाटी घेऊन माझ्याजवळ बसायची आणि इंग्रजीचे स्पेलिंग मोठ्यानं म्हणायची. हुशार पोरगी. माझ्यापेक्षा हुशार.

मी भूमितीत कच्ची होते. पूर्वपरीक्षेत नापास झाले. पप्पा सातवी शिकलेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांसाठी घंटा वाजवली, निदान आपली पोरगी मास्तरीण व्हावी एवढीच त्यांची इच्छा. भूमितीच्या पेपरादिवशी सकाळी जीप आली, पाकिटं मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या कपाटात ठेवली आणि सगळे चहाला गेले. कपाटाची किल्ली बिरूमामाकडे असायची, पण तो ती नेहमी खिळ्याला अडकवून ठेवायचा. त्या वेळी तो पोरांसाठी माठ भरायला विहिरीवर गेला होता. नऊच्या सुमाराला पप्पा घरात आले. हातात वहीचा फाडलेला कागद. "मास्तर म्हनाले, ह्ये येतंय. येवढं बघून जा." सात प्रश्न होते. मी ते केले.

अकरा वाजता पेपर हातात पडला. सातही प्रश्न त्यात होते. तेच शब्द, तीच अक्षरं. कुठलाही मास्तर इतका बरोबर अंदाज बांधत नाही, एवढं मला सोळाव्या वर्षीही कळत होतं. त्याच वेळी बाहेर व्हरांड्यात मुख्याध्यापकांचा चढलेला आवाज ऐकू येत होता. एका पाकिटाचं सील फाटलेलं सापडलं होतं. मी तो आवाज ऐकला, मान खाली घातली आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर लिहायला घेतलं.

बभ्रा नको म्हणून प्रकरण वर कळवलंच नाही. गावातल्या गावात कुणावर तरी ढकलून मिटवायचं ठरलं. किल्ली बिरूमामाच्या ताब्यात, आणि तो कायमही नव्हता. आणखी काय हवं? त्या संध्याकाळी तो आमच्या दारात आला. आत आला नाही, उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"रत्नाकरदा," तो पप्पांना म्हणाला, "मी हिरीवर हुतो, तुमी बघितलंय मला. तुमच्या म्होरनंच घागर घेऊन गेलो. तेवढं सांगा की त्यास्नी."

पप्पा म्हणाले, "माझं ध्यान नव्हतं बिरू."

बिरूमामानं त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्यामागे उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. संशयानं नाही. आता कुणाला विचारावं, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. त्याला कामावरून काढलं आणि चार दिवसांनी तो गावाकडे निघून गेला. सखूनं पाटी सोबत नेली की नाही, मी बघितलं नाही. मी खिडकी लावून इतिहासाचा अभ्यास करत होते.

हे सगळं मी त्या तापलेल्या खोलीत पप्पांना सांगितलं. त्यांना वाटत होतं, मला काहीच ठाऊक नाही. इतकी वर्षं ते माझ्यापासून लपवत होते आणि मी त्यांच्यापासून. एका घरात, एका ताटात जेवून.

"मग तू कवा बोलली का न्हाईस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही का नाही बोललात?"

"माझी नोकरी जाती. तुझा निकाल रद्द होतो. पुढं तू मास्तरीण झालीस, मग तर कसं बोलावं? तुझं समदं घर त्याच्यावर उभं." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं. "मंजू, मी लय झाडलं गं. चर्च झाडलं, कबरी खणल्या. वाटायचं, ह्येवढं केलं की लायक हुईन. मग जाईन त्या टेबलापाशी. पर सरतच न्हाई. झाडून झालं की आदूगरचीच घान."

मी उठून बाहेर गेले आणि पाण्याची टाकी भरलीय का ते बघत उभी राहिले. रडू आलं नाही. मला स्वतःचीच सगळी वर्षं दिसत होती. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांना शिकवत बसणारी मी. लग्न ठरून शाळेतून काढलेल्या मुलींच्या घरी जाऊन त्यांच्या बापांशी भांडणारी मी. लोक म्हणायचे, बाई तळमळीच्या आहेत. ती तळमळ खोटी नव्हती. पण तिच्या तळाशी लाल पटक्याचा एक माणूस उंबऱ्याबाहेर उभा होता, आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळण्यासाठी बाकी सगळ्यांकडे बघत होते. पप्पांच्या हातात झाडू होता, माझ्या हातात खडू. फरक तेवढाच.

नवरा शनिवारी आला तेव्हा त्याला सगळं सांगितलं. त्यानं पप्पांच्या खोलीत डोकावून बघितलं. मग म्हणाला, "सोमवारी मी सुट्टी घेतो. पप्पांजवळ थांबतो. तू बिरूमामाकडे जाऊन ये." निघताना पप्पांनी त्याच्या गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाले, "माझी बी माफी माग त्याच्याकडं."

कऱ्हाडहून विट्याला, विट्याहून आटपाडीला. ऊस मागे पडत जातो आणि बाभळी सुरू होतात. जमीन पांढरी, मधेच डाळिंबाच्या बागा, त्यांच्यावर जुन्या साड्या पांघरलेल्या. एस.टी.त खिडकीशी बसून मी काय बोलायचं ते ठरवत होते आणि प्रत्येक वाक्य खोटं वाटत होतं. गावात उतरून विचारलं, तर वस्तीचा रस्ता लगेच दाखवला. बिरूमामा जिवंत होते. इतक्या वर्षांनी समोर म्हातारा माणूस बघून माझ्या तोंडून 'अहो' निघालं. पटका आता पांढरा झाला होता. घरापुढच्या लिंबाखाली बाजेवर बसून ते चातीवर लोकर कातत होते.

ओळख सांगितली तसा त्यांचा चेहरा खुलला. "रत्नाकरदाची मंजी? आगं उनाची आलीस. बस. पानी आन गं," त्यांनी घरात हाक दिली. पाणी घेऊन आली ती सखू. केस पिकलेले, हातावर गोंदण. तिनं मला ओळखलं आणि ती हसली. ती माहेरीच असते आता, नवरा गेल्यापासून.

मी पाणी प्यायले नाही. तांब्या हातात धरूनच सगळं सांगितलं. पाकीट कुणी फोडलं, कुणासाठी फोडलं, पेपर कुणी लिहिला. पप्पांनी विहिरीवर जाताना त्यांना पाहिलं होतं, हेही.

चाती थांबली. खाली बांधलेलं करडू ओरडत होतं.

"मला वाटायचं हेडमास्तरनं क्येलं आसंल," बिरूमामा म्हणाले. "रत्नाकरदाचं नाव मनात बी आलं न्हाई कवा." मग माझ्याकडे वळून, "आन तू? तुला कळलं हुतं तवा?"

"हो. पेपर बघितल्यावर."

"आन लिव्हलास."

"लिहिला."

"पास झालीस."

"झाले. शिक्षिका आहे आता."

त्यांनी मान हलवली. "माझा बा त्याच साली ग्येला. गावात म्हनायची मानसं, बिरूनं साळंत चोरी क्येली. बा म्हनला, पोटाला कमी पडलं का रं तुला? मी शपथ घेतली, तर म्हनला, चोर शपथच घेतोय. तसाच ग्येला." त्यांनी सखूकडे बघितलं नाही, पण पुढचं तिच्याबद्दल होतं. "हिची साळा ग्येली. पंधराव्या वर्षी हळद लागली. मेंढरामागं ग्येली."

"पप्पा अंथरुणाला खिळलेत," मी म्हणाले. "त्यांनी माफी मागितलीय. मीही मागते. तुम्ही..."

"माफी," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "आता मी माफ क्येलं म्हनलं, तर हिची साळा परत येती का? बा परत येतोय का? खोटं कशाला बोलू पोरी. न्हाई माफ करत मी. सांग तुझ्या बापाला." मग चाती बाजूला ठेवून म्हणाले, "एक करा. मी चोर न्हाई, ह्ये त्या साळंतनं लिव्हून येऊ दे. सई-शिक्का मारून. मी मरायच्या आदी."

सखू एवढंच म्हणाली, "ते पाणी पी मंजू. लांब जायचंय तुला."

मी प्यायले. त्याहून कठीण काही प्याल्याचं मला आठवत नाही.

परतीच्या एस.टी.त मला पहिल्यांदा कळलं की मी काय आशेनं गेले होते. बिरूमामा म्हणतील, जाऊ दे गं पोरी, झालं गेलं. मग मी पप्पांना ते सांगेन, आणि आम्ही दोघं सुटू. त्यांचं मोठं मन आमच्या सुटकेसाठी वापरायचं, असा तो बेत होता. आमच्यासाठी त्यांनी एकदा भोगलं होतं, आता आमच्यासाठी माफही करायचं. आमच्या सोयीचा त्यांचा उपयोग संपतच नव्हता.

घरी आल्यावर पप्पांनी विचारलं. मी काही न लपवता सांगितलं. वडिलांचं, सखूचं, शेवटी 'न्हाई माफ करत' हेही. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत राहिलं. मग ते म्हणाले, "बरं झालं, खोटं न्हाई बोलला." थोड्या वेळानं, "कागद आन."

त्यांनी सांगितलं आणि मी शाळेच्या नावानं कबुलीचं पत्र लिहिलं. खाली त्यांनी सही केली. दुसऱ्या कागदावर मी माझं लिहिलं. तिथे माझा हात अडला. पप्पांचं एकट्याचं पत्र पुरलं असतं. त्यात माझं नाव नसतं तर कुणी विचारलंही नसतं. नोकरीची थोडीच वर्षं उरलेली, मुलीचं शिक्षण चालू. तो एक दिवस मी त्या खोलीत येरझाऱ्या घालत काढला. भिंतीवरचं हातभर आभाळ पांढरं होऊन गेलं होतं. संध्याकाळी मी सही केली. शूर वाटलं म्हणून नाही. सखूनं दिलेलं पाणी पोटात होतं आणि ते मला गप्प राहू देत नव्हतं.

दोन्ही पत्रं घेऊन मी त्या जुन्या शाळेत गेले. तिथले आताचे मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, त्या वेळचं कुणी उरलं नाही. हे उकरून नुकसान फक्त तुमचंच होणार." मी म्हटलं, बिरूमामा उरलेत.

गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पप्पांनी मला पाळकसाहेबांना बोलवायला सांगितलं. ते आले तेव्हा पप्पांनी आधी सगळं सांगितलं. पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी हातातली पेटी उघडली नाही. विचारलं, "मग काका, आता तुम्हाला प्रभुभोजन का घ्यावंसं वाटतंय? त्यांनी तर क्षमा केली नाही."

"म्हनूनच," पप्पा म्हणाले. "त्यानं माफ क्येलं आसतं तर मला वाटलं आसतं, मिटलं. माझ्या पत्रानं मिटलं, मंजूच्या जान्यानं मिटलं. आता कळलं, माझ्या हातनं ह्ये कवाच मिटत न्हाई. मग हात पसरायचा का न्हाई, येवढंच उरलं."

पाळकसाहेबांनी पेटी उघडली. पप्पांनी दोन्ही तळवे पुढे केले होते. अंगात उठून बसायचीही ताकद नव्हती, मी मागून धरलं होतं. तीस वर्षांहून जास्त काळानं त्यांनी ती भाकरी खाल्ली. मग मीही घेतली. आजवर दर महिन्याला घेत होते, पण पप्पांबरोबर पहिल्यांदाच.

निघताना दाराशी मी पाळकसाहेबांना विचारलं, "हे न्याय्य आहे का? आम्ही सुटलो आणि बिरूमामांच्या वाट्याला एक कागद."

ते उंबऱ्यावर थांबले. म्हणाले, "मीही रस्ताभर त्याचाच विचार करत जाणार आहे. एक कळतं. ख्रिस्त स्वतः होऊन आपल्या जागी उभा राहिला. तुम्ही बिरूमामांना ढकलून उभं केलंत. या दोन गोष्टी एक समजू नका. आणि खोट्या आरोपात अडकलेल्याच्या शेजारी तो कायमच उभा असणार, कारण त्याचंही तसंच झालं होतं. त्याच्याकडे जायचं तर बिरूमामांना ओलांडून जाता येणार नाही."

ते वाक्य मी अजून उलटून पालटून बघते. लहानपणी वाटायचं, तारण म्हणजे पाटी पुसणं. ओल्या फडक्यानं एकदा फिरवलं की काही लिहिलंच नव्हतं जणू. आता तसं वाटत नाही. लिहिलेलं लिहिलेलंच राहतं. पण ते लिहिणारा हात लपवावा लागत नाही. खरं सांगितल्यावरही आपल्याला कुणी टाकून देणार नाही, एवढा भरवसा आधी मिळतो आणि मगच खरं बोलायचं बळ येतं. आम्ही उलट बाजूनं जात होतो. आधी चांगलं व्हायचं, मग देवासमोर जायचं. त्या वाटेवर आमची दोघांची बहुतेक हयात गेली, आणि बिरूमामांचीही गेली. म्हणून मला वाटतं, ही नुसती चर्चमध्ये घोकायची गोष्ट नाही. ती वेळेवर कळली असती तर पप्पा चौथ्या दिवशीच मुख्याध्यापकांकडे गेले असते. सखू आठवीत गेली असती.

मी पूर्ण सुटले असं म्हणत नाही. शिक्षण खात्यानं माझा खुलासा मागवला. मी दिला. ती फाइल अजून कुठल्यातरी टेबलावर आहे आणि टपाल आलं की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघते. त्या शाळेच्या समितीनं मात्र ठराव केला. 'बिरूमामांचा यात काहीही दोष नव्हता' असं पत्र, सही-शिक्क्यासह, त्या पावसाळ्यात वस्तीवर पोचलं. त्यांचा फोन आला. "आलं पत्र," ते म्हणाले. "सखूनं वाचलं. अक्षर लावत लावत वाचलं, पर वाचलं." आणि फोन ठेवला.

पप्पा काठी धरून चालायला लागले. महिन्याच्या पहिल्या रविवारी बाकावर बसून राहायचे. चपला आता कुणीच ओळीनं लावत नसे. पुढच्या वर्षीच्या थंडीत, एका सकाळी चहा पिऊन झाल्यावर ते गेले. मी बिरूमामांना फोन करून सांगितलं. यावं अशी अपेक्षा नव्हती. त्यांना कळायला हवं, एवढंच.

दुपारी तीनला दफनविधी झाला. प्रार्थना संपून लोक एकेक मूठ माती टाकत होते, तेव्हा कब्रस्तानाच्या फाटकातून पांढरा पटका आत आला. बरोबर सखू. दोन गाड्या बदलून आले होते. लोकांनी वाट दिली. बिरूमामा खड्ड्याच्या कडेला आले, वाकले, मूठभर माती उचलली आणि बराच वेळ तशीच हातात धरून उभे राहिले. मग टाकली. पेटीवर ती पडल्याचा आवाज मला ऐकू आला.

नंतर मी नळाजवळ त्यांच्या हातांवर तांब्यानं पाणी घालत होते. ते हात चोळत माझ्याकडे न बघताच बोलले.

"माफ न्हाई क्येलं आजून. पर मातीला यायाचं न्हाई, आसं कसं?"

मी पाणी घालत राहिले. तांब्यातलं पाणी संपेपर्यंत त्यांनी हात मागे घेतले नाहीत.